बारडोली फक्त पस्तीस किलोमीटर

डिझेलची गाडी रस्त्यात बंद पडली तर खाली उतरून टायरला लाथ मारू नये. टायरचा त्यात काही संबंध नसतो, आणि रविवारी माणसाच्या पायात चपला असतात. हे ज्ञान मला पर्वत पाटियाच्या चौकात, सकाळी साडेनऊ वाजता, मागे साड्यांचे गठ्ठे भरलेले टेम्पो एका सुरात हॉर्न वाजवत असताना प्राप्त झालं. मागच्या सीटवर आई होती, तिच्या मांडीवर बेसनाच्या लाडवांचा डबा होता, आणि पुढे माझी बायको नीला होती, जी काहीच बोलत नव्हती. नीला गप्प असते तेव्हा ती नेमकं काय बोलत नाहीये, हे मला एकवीस वर्षांच्या सरावाने स्वच्छ ऐकू येतं.

गाडी घेऊन तेव्हा आठ दिवस झाले होते. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्या बिचाऱ्या कंपनीचा काडीचाही दोष नव्हता. पांढरी होती, डिझेलवर चालत होती आणि आमच्याआधी एका साडीदलालाकडे होती. 'घरनी दीकरीनी जेम राखी छे,' असं तो म्हणाला होता. म्हणजे घरच्या लेकीसारखी सांभाळली आहे. त्याच्या घरात लेकींना कसं सांभाळतात याची चौकशी मी आधी करायला हवी होती.

मला स्वतःला गाडीची हौस नव्हती. उधन्याहून बँकेत स्कूटरवर माझं उत्तम चाललं होतं. गाडी घेतली ती आईसाठी, आणि आईसाठी म्हणजे बारडोलीसाठी. बारडोलीला माझी शोभामावशी राहायची, आईची पाठची बहीण. सुरतेहून बारडोली पस्तीस किलोमीटर, पण दोघींची गाठ पडून पाच वर्षं झाली होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून आईला एसटीची पायरी चढता येईना. स्टेशनच्या पुलाचं तर नावच नको. मावशीला संधिवात, शिवाय कुठल्याही वाहनात बसून ते सुरू झालं की उलट्या. तेव्हा दर रविवारी मावशीच्या शेजाऱ्यांकडे फोन लावायचा, आणि आई इतक्या मोठ्यांदा बोलायची की वरच्या मजल्यावरचे भूपेंद्रभाई संध्याकाळी जिन्यात मला मावशीच्या गुडघ्यांची ताजी हकिकत विचारायचे.

त्या जानेवारीत मावशीनं फोनवर सांगितलं की रघुनाथ तिला कायमची भिलाईला घेऊन जातोय. रघुनाथ तिचा मुलगा, तिकडे नोकरीला. घर विकून झालं होतं आणि फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारची तिकिटं निघाली होती. आई फोन ठेवून बराच वेळ तिथेच स्टुलावर बसून राहिली. तिचं वय चौऱ्याहत्तर, मावशीचं सत्तर. भिलाई पस्तीस किलोमीटरवर नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. मी दुसऱ्याच दिवशी बँकेतून परस्पर गाडी बघायला गेलो.

तर पर्वत पाटिया. संकटात सापडलेल्याला सल्ला देणाऱ्यांची सुरतेत कधी टंचाई पडत नाही. त्यातून प्लेगनंतर गेल्या दोन वर्षांत रस्ते इतके स्वच्छ झाले होते की बंद पडलेली गाडी लांबूनही नजरेत भरायची. एक टेम्पोवाला आला, बॉनेटमध्ये डोकावला आणि डिझेलच्या नळीत हवा आली असं सांगून गेला. माझ्या समजुतीप्रमाणे हवा ही गाडीला लागणारी वस्तू होती. ती टायरमध्ये असली तर चालते आणि नळीत असली तर चालत नाही, हा भेद मला शाळेत कोणी शिकवला नव्हता. मग उसाच्या रसवाल्यानं बॅटरीवर संशय घेतला, आणि पोलिसानं माझ्यावर. वीस मिनिटांनी मी सहज म्हणून चावी फिरवली तर गाडी सुरू. जणू मधल्या काळात काही घडलंच नाही. पण तोवर आमचा सगळ्यांचा धीर गेला होता. मी गाडी वळवली आणि आम्ही लाडवांसकट घरी आलो.

सोसायटीत ही बातमी आमच्याआधी पोचली होती. भूपेंद्रभाईंचा जरीचा धंदा, पण डिझेल इंजिनाबद्दल त्यांना विलक्षण जिव्हाळा निघाला. त्यांच्या मते गाडी थंडीनं धरली होती. सुरतेची थंडी म्हणजे सकाळी सातला पंखा बंद करायचा आणि आठला पुन्हा लावायचा, एवढीच. आमच्यासारखाच तळमजल्यावर राहणारा किसन पाटील लूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे यंत्र रुसलं की त्याची समजूत घालणारा माणूस. तो मूळचा शिरपूरकडचा, आणि आई अमळनेरची. आमच्या घरात कोणी अहिराणी बोलत नाही, पण किसन आला की आई त्याच्याशी बोलायची आणि दहा वर्षांनी लहान दिसायची. त्यानं इंजिनावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि आईला सांगितलं, "माय, यंत्र चांगलं शे. पोटमा काय तरी अडकेल शे." म्हणजे यंत्र चांगलं आहे, पोटात काहीतरी अडकलंय. जो माणूस दिवसभर लूमवर काम करतो त्याला गाडीतलं काय कळणार, असा विचार मी सुशिक्षित असल्यामुळे केला, आणि गाडी रीतसर मगन मिस्त्रीकडे नेली.

मगन मिस्त्री हा इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याचं दुसरं टोक कानात घालतो. डॉक्टर करतात तसंच, फक्त हा पेशंटला जीभ दाखवायला सांगत नाही. त्यानं सोमवारी नळीतली हवा काढली. मंगळवारी फिल्टर बदलला. बुधवारी नोझल उघडून धुतले आणि गुरुवारी सकाळी गाडी लवकर तापावी म्हणून तिचा हीटर बदलला, म्हणजे भूपेंद्रभाईंच्या थंडीचाही मान राखला गेला. दर वेळी तो गाडी उधना दरवाज्यापर्यंत फिरवून आणायचा आणि 'एकदम ओके' म्हणायचा. मीही गाडी बँकेत नेली, आणली. कुठे काही कुरकुर नाही.

याच आठवड्यात गाडी माझ्या नावावर करण्यासाठी आरटीओत गेलो. तिथल्या कारकुनानं गाडीचं नोंदणीचं पुस्तक उघडलं, गाडीकडे पाहिलं, पुन्हा पुस्तकात पाहिलं आणि मला विचारलं की हिच्यात काय भरता? डिझेल, मी म्हणालो. त्यानं पुस्तक फिरवून माझ्यासमोर धरलं. त्यात पेट्रोल लिहिलं होतं. दलालानं कधीतरी पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं होतं आणि सरकारला कळवायचं राहून गेलं होतं. आता एक सांगायला हवं की मी बँकेत कर्जविभागात आहे. लोकांच्या कागदपत्रांतल्या चुका काढायचा मी गेली बावीस वर्षं पगार घेतो. सातबाऱ्यावरचा एक काना कमी असला तर शेतकऱ्याला मी परत पाठवलेलं आहे. तो कारकून मात्र भला होता. त्यानं मला परत पाठवताना पाणी विचारलं. जुन्या इंजिनाचा दाखला, नव्या इंजिनाचा दाखला, दोन्हींतलं नातं सिद्ध करणारं प्रतिज्ञापत्र आणि मग गाडीची तपासणी, एवढं झालं की तुमची गाडी डिझेलची, असं तो म्हणाला. तोपर्यंत? तोपर्यंत ती कागदोपत्री पेट्रोलचीच. घरी सांगितलं तेव्हा नीला म्हणाली की बंद का पडते ते आता समजलं, ती कायद्याचं पालन करतेय.

दुसऱ्या रविवारी आम्ही कडोदरा ओलांडलं. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं सांगतो, कारण त्या क्षणी मला खूप आनंद झाला होता. दोन्ही बाजूंना ऊस होता, पुढे उसाचे ट्रक कारखान्याकडे चालले होते, आई मागच्या सीटवर नवीन डबा घेऊन ताठ बसली होती आणि मी शीळ घालायच्या बेतात होतो. तेवढ्यात गाडीनं दोन आचके दिले आणि ती रस्त्याच्या कडेला जाऊन शांत झाली. वीस मिनिटांनी सुरू झाली. तीन किलोमीटरवर पुन्हा बंद. पुन्हा वीस मिनिटं. मग सुरू, मग बंद. बारडोली सोळा किलोमीटर, असा दगड आमच्यासमोर उभा होता आणि आई त्याच्याकडे बघत होती.

एक उसाचा ट्रक आमच्यापाशी थांबला. ड्रायव्हर नवापूरकडचा निघाला, कारखान्यावरच चालला होता. काही मदत हवी का म्हणून त्यानं विचारलं. आईनं काच खाली करून त्याच्या हातात लाडवांचा डबा ठेवला आणि मावशीचं घर सांगितलं. मावशीचे यजमान कारखान्यात हिशेबनीस होते, त्यामुळे घर त्याला माहीत होतं. त्यानं डबा कपाळाला लावला आणि तो गेला. लाडू बारडोलीला पोचले. आम्ही उन्हं उतरताना उधन्याला परत आलो, वाटेत चारदा थांबून. त्या संध्याकाळी फोनवर मावशी म्हणाली की लाडू छान झालेत, आणि मग दोघी बराच वेळ बोलल्याच नाहीत. फोनचं मीटर चालू होतं, तरी मला त्यांना काही म्हणवेना.

टॅक्सी कर, असं नीला तेव्हाच म्हणाली होती. बरोबर होतं तिचं. पण दारात स्वतःची गाडी उभी असताना टॅक्सीवाल्याला हाक मारायची, तीही सगळ्या गॅलऱ्यांतून माणसं बघत असताना, हे मला झेपेना. माझा स्वाभिमान हा असाच आहे. एरवी कुठे सापडत नाही, आणि नको तिथे दारात येऊन उभा राहतो.

बुधवारी भूपेंद्रभाईंनी एक शास्त्रीय प्रयोग सुचवला. माजींना, म्हणजे आईला, न घेता एकदा त्याच रस्त्यानं जाऊन बघू. आम्ही दोघं संध्याकाळी निघालो, कडोदरा मागे टाकलं, त्या सोळा किलोमीटरच्या दगडापाशी चहा प्यायलो आणि परत आलो. गाडी एकदाही बंद पडली नाही. गाडी चालली याचा आनंद व्हावा की राग यावा ते मला कळेना. परत आल्यावर जिन्यात भूपेंद्रभाई थांबले. माणूस मनानं वाईट नाही. बराच वेळ घुटमळून, आवाज खाली आणून ते म्हणाले, "जयंतभाई, खोटुं ना लगाडता, पण माजी बेसे छे त्यारे ज बंध पडे छे."

वाईट वाटून घेऊ नका, पण माजी बसतात तेव्हाच बंद पडते. मी वळून पाहिलं, तर आमच्या दारात आई उभी होती, आम्हाला पाणी द्यावं म्हणून तांब्या घेऊन.

त्या रात्री जेवताना ती अगदी सहज बोलल्यासारखं बोलली. "मी नाही येत रे. तुम्ही दोघं जाऊन भेटून या तिला. मी फोनवर बोलेन." मी म्हणालो, टॅक्सी करू. इतके दिवस जो शब्द घशात अडकला होता तो झटक्यात बाहेर आला. तर ती म्हणाली, "त्या टॅक्सीवाल्याच्या पोटावर कशाला पाय?" आणि तिनं ताटातली भाकरी नीट चतकोर मोडली आणि तिच्याकडे बघत राहिली.

माझे वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि आई सदतीस. त्यानंतर अमळनेरला कोणाच्याही घरी कार्य निघालं, हळद लागायची वेळ झाली, की आईला स्वयंपाकघरात काहीतरी काम आठवायचं. तिला कोणी 'बाजूला हो' म्हणण्याआधी ती बाजूला झालेली असायची. लहानपणी मला वाटायचं आईला कामाची फार आवड आहे. सुरतेत आल्यावर ते सुटलं असं मी धरून चाललो होतो. इथे कोण कोणाला ओळखतं? पण त्या रात्री ती ताट घेऊन उठली आणि स्वयंपाकघरात गेली, तेव्हा तिची चाल अगदी तीच होती. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त संताप आला, आणि तो करायला समोर एक पांढरी गाडी सोडून कोणी नव्हतं.

गुरुवारी रजा टाकून मी मगन मिस्त्रीच्या गॅरेजात सकाळी आठला जाऊन बसलो. सोबत किसनही आला, त्याची सेकंड शिफ्ट होती. मी मगनला सांगितलं की गाडी चालली नाही तरी चालेल, पण ती का बंद पडते ते मला आज कळलं पाहिजे. मगननं माझ्याकडे नीट पाहिलं. बहुधा असं गिऱ्हाईक त्याला आजवर भेटलं नसावं. मग त्यानं स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला आणि खरं डोकं चालवलं. टाकीकडून येणारी नळी त्यानं सोडवली, इंजिनाची नळी थेट एका डिझेलच्या कॅनमध्ये सोडली आणि कॅन किसनच्या मांडीवर दिला. म्हणजे आता टाकी यातून बाद. असे आम्ही तिघं कडोदऱ्यापर्यंत तीनदा गेलो आणि तीनदा आलो. किसन कॅनला तान्ह्या पोरासारखं धरून बसला होता. गाडी हूं की चूं न करता चालली. मगननं गॅरेजात येऊन इंजिन बंद केलं आणि निकाल दिला की इंजिन निर्दोष आहे, गडबड टाकीत आहे. "मी काय सांगं व्हतं? पोटमा," किसन म्हणाला, आणि मी माझ्या शिक्षणासकट गप्प बसलो.

टाकी उतरवायला दोन तास लागले. मगननं ती परातीत ओतली, तळाशी हात घातला आणि काहीतरी हिरवट-काळं बोटांवर घेऊन बाहेर काढलं. ते पुसलं, हुंगलं. मग अतिशय गंभीर चेहऱ्यानं मला विचारलं, "साहेब, आ गाडीने उधरस थई'ती?"

गाडीला खोकला झाला होता का? कारण त्याच्या हातात तुळस होती. दोन शेंडे, मंजिरीसकट. इंजिन डिझेल ओढू लागलं की पानं जाऊन नळीच्या तोंडावर चिकटायची, डिझेल तुटायचं आणि गाडी बंद. मग ओढ थांबली की पानं सुटून खाली बसायची आणि वीस मिनिटांनी सगळं ठाकठीक. बँकेपर्यंतच्या छोट्या फेरीत पानांना तिथवर पोचायलाही वेळ मिळत नसे. आणि बुधवारी, भूपेंद्रभाईंच्या शास्त्रीय प्रयोगाच्या वेळी, ती टाकीच्या दुसऱ्या कोपऱ्यात आराम करत होती, एवढाच त्या प्रयोगाचा अर्थ.

दोन शेंडे आणि दोन रविवार. मला एका क्षणात सगळं दिसलं. आमच्याकडे कोणी गावाला निघालं की आई त्याच्या हातावर दही ठेवते. बँकेत जाताना नाही, बाजारात जाताना नाही, गाव सोडून जाताना. दोन्ही रविवारी तिनं मला दही दिलं, नीलाला दिलं, आणि मग मी कुलूप लावेपर्यंत ती काठी टेकत गाडीमागे काय करत होती ते मी पाहिलं नव्हतं. जी आपल्या सगळ्यांना वाहून नेणार तिला उपाशी कसं पाठवायचं? गाडी दही खात नाही. पण तोंड तर तिला आहे, तिथूनच तिला डिझेल पाजतात, हे आईनं पंपावर पाहिलं होतं. तेव्हा गॅलरीतल्या तुळशीचा एक शेंडा. इतकं साधं होतं ते.

म्हणजे भूपेंद्रभाई बरोबर होते. माजी बसायच्या तेव्हाच गाडी बंद पडायची. हे घरी जाऊन सांगितलं असतं तर आईनं बिघाडाचं कारण ऐकलंच नसतं. माझ्यामुळेच, एवढंच ऐकलं असतं, आणि तुळस माझ्याच हातून, हेही वर. मी त्या दोन शेंड्यांकडे बघत उभा राहिलो. किसनला मला काही समजवावं लागलं नाही. तो मगनला आधी आणि मला नंतर म्हणाला, "मायले नई सांगानं. व्हयनं ते व्हयनं." म्हणजे आईला सांगायचं नाही, झालं ते झालं.

बावीस वर्षं कागद तपासणाऱ्या माणसानं त्या दुपारी आयुष्यातला पहिला खोटा पुरावा तयार केला. मगनच्या गॅरेजात गंजाला तोटा नव्हता. काडेपेटीभर गंज भरून मी घरी नेला आणि आईसमोर टेबलावर ओतला. हे निघालं टाकीतून, म्हणालो, आधीच्या मालकानं आठ वर्षं टाकी धुतली नव्हती. आईनं चष्मा लावून गंज बघितला, बोटानं चाळला.

"नक्की हेच होतं?"

"नक्की."

"मग काल भूपेंद्र बसला तेव्हा कशी चालली?"

कर्जविभागात मला असे प्रश्न विचारणारी माणसं मिळाली असती तर बँकेची बुडीत खाती निम्मी झाली असती. मी म्हणालो की भूपेंद्रभाईंचं वजन जास्त, त्यांच्या वजनानं गाडी तिरपी झाली आणि गंज एका बाजूला गेला. भूपेंद्रभाईंना मी हे आधीच सांगून ठेवलं होतं. ते खाली आले, सोफ्यावर बसले, सोफा कुरकुरला, आणि त्यांनी आईसमोर स्वतःच्या वजनाची कबुली दिली. मग जाताना वाकून तिच्या पाया पडले. खरं काय ते त्यांना मी कधीच सांगितलं नाही, पण त्यांचा चेहरा बघून वाटलं की जिन्यातल्या त्या वाक्यानंतर त्यांनाही झोप लागलेली नसावी.

एक अडचण मात्र उरली होती. रविवारी आई पुन्हा तुळस घालणार. नको म्हणावं तर का, ते सांगावं लागणार. मी शनिवारी टाकीच्या तोंडाला कुलूपवालं झाकण बसवून घेतलं आणि किल्ली खिशात ठेवली. रविवारी सकाळी दही झालं, आणि मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून आरशात बघत राहिलो. आई काठी टेकत मागे गेली. तिची मूठ मिटलेली होती. तिनं झाकण फिरवलं, ते हलेना. पुन्हा फिरवलं. मग ती तिथेच थोडा वेळ उभी राहिली, आणि मला वाटलं आता ही परत घरात जाते. पण ती हळूहळू पुढे आली, माझ्या खिडकीपाशी थांबली आणि म्हणाली, "तोंड उघड."

सेहेचाळीस वर्षांचा, कर्जविभागाचा अधिकारी, मी सगळ्या सोसायटीदेखत आ केला. तिनं तुळशीचा शेंडा माझ्या तोंडात घातला, मंजिरीसकट, आणि मागे जाऊन बसली. मी तो कडोदऱ्यापर्यंत चघळला.

गाडी कुठेही थांबली नाही. पर्वत पाटियाच्या चौकात नाही, उसाच्या ट्रकांमागे नाही, सोळाच्या दगडापाशी तर मी हॉर्न वाजवला. साडेअकराला आम्ही मावशीच्या दारात होतो.

आणि तिथे पुढची अडचण उभी होती. मावशीच्या घराला पाच पायऱ्या होत्या, उंच, दगडी, कठडा नसलेल्या. पस्तीस किलोमीटरचा विचार आम्ही सगळ्यांनी तीन आठवडे केला होता, या पाच पायऱ्यांचा कोणी केला नव्हता. आईनं गाडीतून वर पाहिलं. मावशी वरती दारात आली होती. रघुनाथ आणि मी आईला खुर्चीतून उचलून न्यायचा बेत करत होतो, तेवढ्यात मावशी पहिल्या पायरीवर बसली. मग पाय खाली सोडून दुसऱ्या पायरीवर सरकली. लहान मुलं उतरतात तशी ती बसत बसत पाच पायऱ्या उतरली. रघुनाथ ओरडत होता, तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. उठून लुगडं झटकलं, गाडीचं दार उघडलं आणि आईशेजारी मागच्या सीटवर जाऊन बसली.

मग त्या तिथेच बसल्या. चहा खिडकीतून आत गेला, पोहेही खिडकीतून गेले. घरात बांधाबांध चालली होती, रघुनाथ सारखा बाहेर येऊन मावशीच्या गोळ्या कुठल्या पेटीत आहेत ते विचारायचा आणि ती हात हलवून त्याला घालवून द्यायची. वाहनात बसल्या बसल्या उलट्या करणारी माझी मावशी तीन तास गाडीत बसली. अर्थात गाडी उभी होती. उभं राहण्यात आमची गाडी पहिल्यापासून वाकबगार होती. नीला आणि मी ओट्यावर बसून बघत होतो. त्या काय बोलत होत्या ते ऐकू येत नव्हतं. मध्येच दोघी अहिराणीत काहीतरी म्हणायच्या आणि हसायच्या, मग आई मावशीच्या बोटांच्या सुजलेल्या पेरांवरून अंगठा फिरवत राहायची.

तीन वाजता नीलानं घड्याळ दाखवलं. अंधार व्हायच्या आत घरी पोचायला हवं होतं, आणि मावशीची रेल्वेगाडी पहाटेची होती. मी जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. मागच्या गप्पा थांबल्या. मी चावी फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. तीन आठवडे मी ज्या आवाजासाठी देव पाण्यात घालून बसलो होतो, तो हाच आवाज.

आरशात मला दोघी दिसल्या. मावशीनं उतरण्यासाठी एक पाय दाराबाहेर काढला होता, पण हात आईच्या हातातच होता. आई म्हणाली, "जा, शोभे." आणि हात काही सोडला नाही. इंजिन मात्र इतकं व्यवस्थित, इतकं निरोगी चाललं होतं.

मी इंजिन बंद करायचा दट्ट्या हळूच ओढला. दोन आचके आणि शांत.

"परत?" आईचा चेहरा एकदम पडला. ती दुसऱ्याच क्षणी स्वतःकडे बोट दाखवणार हे मला कळलं.

"गाडीचं काही नाही, आई," मी म्हणालो. "माझ्याच हातून भलतं काहीतरी ओढलं गेलं. गाढव आहे मी. आता हवा काढावी लागेल, तासभर तरी जाईल."

रघुनाथ धावत आला. शेजारचे दोघं-तिघं आले, कोणी डिझेल संपलं म्हणालं, कोणी म्हणालं, ज्याला जमत नाही त्यानं गाडी चालवूच नये. मी सगळ्यांचं मान्य केलं. नीलानं एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि ती आत चहा टाकायला गेली.

मावशीनं बाहेर काढलेला पाय पुन्हा आत घेतला आणि दार लावून घेतलं. "लहानपणापासून असाच आहे," आई तिला सांगत होती, "याच्या हाताला गुणच नाही." आणि दोघी खळखळून हसल्या. मी बॉनेट उघडलं आणि त्या निर्दोष इंजिनावर डोकं खाली घालून, ऐकत, पुष्कळ वेळ उभा राहिलो.